कांद्याशेजारची चांदी

आमचे सर कुठलीही गोष्ट आधी नाकाला लावत आणि मग वापरत. खडू, उत्तरपत्रिका, चहाचा कप, नवा मल्टिमीटर, काहीही. पहिल्या वर्षाची मुलं महिनाभर तोंड दाबून हसायची, मग त्यांना सवय व्हायची. मी शिकत होते तेव्हा एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी मोठ्या ऐटीत आपलं व्हिजिटिंग कार्ड पुढं केलं, तर सरांनी ते हुंगलं आणि म्हणाले, "आजच छापलंय वाटतं." पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण ते खरंच त्याच दिवशी सकाळी छापून आणलेलं होतं.

मी निरगुडसरची. ज्या कॉलेजात शिकले तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि सरांच्याच हाताखाली पीएचडीला नाव घातलं. वडील गावभर सांगत सुटले, पोरगी डॉक्टर व्हणार, त्यामुळं शेजारचे एक आजोबा दर सुट्टीला मला गुडघे दाखवायला यायचे. पण आतून माझी झोप उडालेली होती. पीएचडी झाली तरच कायमच्या नोकरीला अर्ज करता येणार होता, आणि माझी मुदत वाढवून वाढवून संपत आली होती. गणपती झाले की विद्यापीठाकडून एक तज्ज्ञ बाई येणार होत्या. प्रयोग पुण्यात नाही, इथं तुमच्याच प्रयोगशाळेत चालताना दाखवा, अशी त्यांची अट होती. तालुक्याच्या कॉलेजात असलं काम होतं यावर त्यांचा विश्वास बसत नसावा. त्यांनी मान हलवली तर प्रबंध पुढं जाणार, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

विषय सांगितला की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. सेमीकंडक्टरचे इतके बारीक कण असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत. त्यांच्यावर जांभळा टॉर्च मारला की ते हिरवे चमकतात. पण ही चमक बेताचीच. आता त्यांच्या शेजारी चांदीचे तसेच बारीक कण ठेवा, आणि बघा काय होतं ते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तोच टॉर्च, तेच कण, पण उजेड कितीतरी जास्त. माझी सगळी पीएचडी म्हणजे एवढंच, की हे शेजारी म्हणजे नक्की किती शेजारी.

चांदीनं उजेड का वाढतो हे सरांना फळ्यावर सांगता आलं असतं. पण फळ्यावर सांगतील तर ते सर कसले. त्यांनी शिपायाच्या खोलीतून पितळी कळशी मागवली, बोअरच्या नळावर काठोकाठ भरली, पाण्याचा वास घेतला आणि सफारीच्या कपड्यांत, डोक्यावर कळशी घेऊन मैदानावर चालायला लागले. सगळं कॉलेज गॅलरीत. प्राचार्यांनी खिडकी उघडली आणि परत लावून घेतली.

"बघा," सर म्हणाले, "हळू चाललो तर पाणी गप हाय. पळालो तरी लई हलत नाय. आता बघा."

आणि ते मधल्याच एका चालीनं निघाले. पाच-सहा पावलांत कळशीतलं पाणी असं उसळलं की सर डोक्यापासून बुटापर्यंत न्हाले.

"पाण्याची हिंदकळायची स्वतःची एक लय असती. माझ्या पावलाची लय तिला जुळली, की कळशी ऐकत नाय. चांदीच्या कणात इलेक्ट्रॉन असेच भरल्यात. उजेड म्हंजे पाऊल. लय जुळली की सगळे एकदम हिंदकळत्यात, त्याला प्लाझ्मॉन म्हणायचं, आणि मग त्या कणाच्या भोवती उजेडाचा जोर वाढतो. शेजारी जो बसलाय त्याला आयतं मिळतं."

मागून एका पोरानं विचारलं, "मग सर, तुमी कसं काय भिजला?"

"मी शेजारी व्हतो," सर म्हणाले, आणि तसेच ओले पुढच्या तासाला गेले.

शेजारी किती, हा प्रश्न मात्र त्यांनी भाकरीवर सोडवला. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चुलीवर भाकरी टाकली होती आणि मी मापांचे कागद घेऊन घरी गेले होते. सरांनी मला पाटावर बसवून तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावायला दिली. मी लावली ती अगदी टेकवून. करपली. दुसरी घाबरून लांब धरली, ती फुगेचना. "बघ पोरी," सर म्हणाले, "चांदीला आपले कण चिकटले तर चांदी त्यांचा उजेड गिळून टाकती. लांब ठिवले तर चांदी असून नसल्यासारखी. मधी एक पातळ पडदा पायजे." तो पडदा आम्ही प्लॅस्टिकच्या द्रावणाचा करत होतो, केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एखादा भाग होईल इतका पातळ. तो जमायला मला अख्खं वर्ष लागलं. बाईंनी करपलेली भाकरी सरांच्याच ताटात वाढली.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर सरांनी एक खिळा ठोकला होता. तो अजून तिथं आहे. मुलींनी आत येताना गजरा काढून त्या खिळ्याला टांगायचा, हा नियम. सुगंधी तेल, अत्तर, उदबत्ती, वडापाव, सगळ्याला बंदी. का, असं विचारलं की सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "वास म्हंजे वस्तूच असती. मोगऱ्याचा वास आला म्हंजे मोगरा थोडा थोडा उडून तुमच्या नाकात आला. नाकात येतो तर आमच्या काचंवर येणार नाय का?" माझ्या एका मैत्रिणीनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घातलेला गजरा काढायला नकार दिला, तर सरांनी तिला तोंडी परीक्षा बाहेर व्हरांड्यात द्यायला लावली. पैकीच्या पैकी मार्क दिले, पण आत घेतलं नाही.

आता चांदी कुठली, तर जुन्नरच्या शेठची. कंपनीची तार मागवायची तर कागदपत्रांतच सहा महिने जायचे, म्हणून सर तिकडं जायचे. शेठ सराफ, मारवाडी जैन. पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी माझ्याहून झणझणीत. सर मामाकडं जुन्नरला शिकले, तेव्हा दोघं एका बाकावर बसायचे. शेठ त्यांना मास्तर म्हणायचे, आणि वितळवायला द्यायच्या आधी चांदीची तार फडक्यानं अशी पुसायचे की जणू लेकीची पाठवणी आहे. "मास्तर, माझी चांदी लोकांच्या पायात जाती, गळ्यात जाती," ते म्हणायचे, "तू तिचं काय करतो ते एकदा येऊन बघणार हाय मी." आमच्या जुनाट यंत्रात ती तार निर्वात पोकळीत तापवली की काचेवर चांदीचा इतका विरळ थर बसायचा की थर कसला, नुसती बेटं.

सरांचा भौतिकशास्त्रावरचा विश्वास कांद्यालाही लागू होता. त्या उन्हाळ्यात त्यांच्या भावाची बराख, म्हणजे कांदा साठवायची चाळ, वाऱ्यानं पडली आणि साठवणीचा गावठी कांदा उघड्यावर आला. प्रयोगशाळेच्या बरोबर खाली एक रिकामी खोली होती. सरांनी प्राचार्यांकडून ती मागून घेतली आणि भावाचा कांदा तिथं आणून टाकला. नुसता टाकला नाही. खाली भोकं, वर पंखा, हवा कुठून शिरणार, तापून कुठून वर निघणार, सगळं गणित करून. कांदा खेळत्या हवेत टिकतो हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं, पण सरांना ते सूत्रात बसवल्याचा केवढा आनंद. आल्यागेल्याला खाली नेऊन दाखवायचे. "गरम हवा वर जाती, तिला वाट दिली की झालं," म्हणायचे. वर म्हणजे कुठं, ते तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या पट्ट्या जमल्या. प्रत्येक काचपट्टीच्या अर्ध्या भागाखाली चांदी, अर्ध्या भागाखाली नुसती काच, वरून पडदा आणि त्यावर ते चमकणारे कण सगळीकडं सारखे. म्हणजे फरक एका नजरेत दिसावा. काळे पडदे ओढले, टॉर्च मारला, आणि अहो, काय सांगू. नुसत्या काचेचा भाग मिणमिणत होता आणि चांदीचा भाग खाचरातल्या कोवळ्या भातासारखा हिरवागार. मी टाळ्या वाजवल्या. सर पट्टीवर वाकले. नंतर म्हणाले, "टॉर्च बंद कर. आता परत लाव." असं त्यांनी मला कितीतरी वेळा करायला लावलं. नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखं त्यांचं चाललं होतं.

पंधरवड्यानं मापं घ्यायला काढल्या तर चमक उतरलेली. आणखी काही दिवसांनी पट्टीचे दोन्ही भाग सारखेच मंद. आणि नागपंचमीच्या सुमाराला चांदीचा भाग नुसत्या काचेपेक्षाही काळवंडलेला. नवीन पट्ट्या केल्या, त्यांचंही तेच. पडदा जाड केला, पातळ केला, द्रावण बदललं, काचा उकळून धुतल्या. बनवल्या की चमकायच्या, ठेवल्या की विझायच्या. तज्ज्ञ बाईंची तारीख जवळ आली होती. एक दिवस हीटरची वायर जळत होती, खोलीभर उग्र वास, आणि सर शेजारीच बसून माझी मापं वाचत होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं. सर म्हणाले, "काय झालं?" मला वाटलं, माझ्याच काळजीत बुडालेत.

शेवटी सरांचा संशय चांदीवर गेला. मला घेऊन ते जुन्नरला गेले, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना काचेच्या पेटीवर माझी काळी पट्टी ठेवली आणि म्हणाले, "शेठ, तुझ्या चांदीत काय हाय?"

शेठनी पट्टीकडं बघितलं, सरांकडं बघितलं. "चांदीत चांदी हाय."

"मग ही विझती कशी?"

"मास्तर, दुकानात माणसं बसल्यात."

"बसू दे की. मी खोटं बोलतोय का?"

जैनांचं पर्युषण चालू होतं, शेठचा उपवास होता, ओठ सुकलेले. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. आम्ही एसटीनं परत आलो तेव्हा सर खिडकीबाहेर बघत होते. मला रडू येत होतं, पीएचडीसाठी आणि शेठच्या चेहऱ्यासाठीही. पन्नास वर्षांची दोस्ती माझ्या एका पट्टीपायी गेली असं मला वाटत होतं.

आणि दोन-चार दिवसांनी शेठ कॉलेजात आले. स्वतः, पांढऱ्या कपड्यांत, उपवास सोडून. पर्युषण संपलं की त्यांच्यात ओळखीच्या प्रत्येकाकडं जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण ज्यानं चार माणसांत पाणउतारा केला त्याच्याकडं कोणी जाईल असं वाटलं नव्हतं. ते जिना चढून आले, दारात थांबले, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, मास्तर. माझ्याकडनं काय चुकलं असलं तर माफ कर."

सर खुर्चीवरून उठले. "आत तर ये."

शेठनी एक पाऊल आत टाकलं आणि लगेच मागं घेतलं. खिशातला रुमाल नाकाला लावला. मला वाटलं राग अजून गेलेला नाही. पण ते अवघडून म्हणाले, "रागवू नको. आमच्या घरात कांदा येत नाय, तुला ठाऊक हाय. हितं लई वास मारतोय. कांदा सडलाय कुठंतरी."

सर माझ्याकडं वळले. "येतोय का गं?"

मी श्वास घेतला. येत होता की. पण आमच्या गावात जन्मापासून कांद्याचा वास नाकात. घरी बराख, रस्त्यात ट्रॅक्टर, बाजारात ढीग. तो वास मी वास म्हणून धरतच नव्हते. "येतोय सर," मी म्हणाले, "पण तो तर नेहमीचाच."

"शेठला येतो, तुला येतो," सर म्हणाले, आणि हळूच खाली बसले. "मला नाय येत. कोरोना झाला तवापासनं मला कशाचाच वास येत नाय."

मग एकेक आठवायला लागलं. ती जळकी वायर. बाईंच्या हातचा करपलेला चहा वास घेऊन "वा" म्हणत प्यालेला. आणि तरीही रोज खडू हुंगणं, कप हुंगणं. इतक्या दिवसांत कुणालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं, आणि मी रोज शेजारी बसून मला कळलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली आणि त्यांचा रागही आला.

पण सर तेवढ्यात उभे राहिले होते. डोळे असे लकाकले की मी ओळखलं, काहीतरी जुळलं. "गंधक," ते म्हणाले. "सडक्या कांद्यातनं गंधक उडतं. चांदीला गंधक लागलं की ती काळी पडती, बायकांची पैंजणं पडत्यात तशी. हितं तर चांदीचे कण, त्यांना पडायला कितीसा वेळ." ते खिडकीशी गेले, खाली वाकून आपल्याच पंख्याकडं बघितलं. गरम हवेला त्यांनी जी वाट दिली होती ती थेट आमच्या खिडकीखाली उघडत होती. "अरे देवा. पोरींचे गजरे मी खिळ्याला टांगले, आणि भावाचा कांदा गणित करून आत घेतला."

आणि मग सर हसायला लागले. आधी ते, मग शेठ, आणि शेवटी मीसुद्धा, डोळे पुसत पुसत. सरांनी शेठचे दोन्ही हात धरले आणि दारातच, व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं म्हणाले, "शेठची चांदी चोख हाय. भेसळ माझ्या डोक्यात व्हती." शेठ म्हणाले, "हळू बोल, येडा." पण त्यांना बरं वाटलं होतं.

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. खालच्या बाजूचा अर्धा कांदा पाणी सुटून बसला होता. चांगला निवडून भाऊ घेऊन गेला, सरांना यथेच्छ बोलून. उरलासुरला पोरांनी पिशव्या भरभरून नेला. खोली धुतली, भोकं बुजवली, पंखा उतरवला. मी त्याच आठवड्यात नव्या पट्ट्या केल्या. पण खोलीतला वास जाता जाईना, मग ठेवायच्या कुठं? तेव्हा शेठच म्हणाले, "माझ्या तिजोरीत ठिवा. आमच्या वास्तूत तीन पिढ्यांत कांदा आलेला नाय." झालं, माझी पीएचडी जुन्नरच्या सराफाच्या तिजोरीत, लोकांच्या मंगळसूत्रांशेजारी जाऊन बसली. दर दोन-तीन दिवसांनी सर आणि मी एसटीनं जायचो, शेठच्या आतल्या खोलीत पडदा ओढायचो, टॉर्च मारायचो. शेठ प्रत्येक वेळी हिरव्या चमकेवर वाकून बघायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, एवढ्या वर्षांत मी चांदी तोलली. ती असं काय करती हे बघितलंच नव्हतं." सर त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होते.

गणपती झाले आणि तज्ज्ञ बाई आल्या. मी दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या मांडल्या, कांद्यावरच्या आणि तिजोरीतल्या. पडदे ओढले. टॉर्च लावला. कांद्यावरच्या पट्ट्या मेल्यासारख्या, आणि तिजोरीतल्या पट्ट्यांचा अर्धा भाग असा उजळला की बाई पुढं झुकल्या. त्यांनी पट्टी हातात घेतली, फिरवली, परत टॉर्चखाली धरली.

"हे इथंच केलंय?"

"हितंच," सर म्हणाले. "चांदी जुन्नरची."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "पण हे टिकेल का? इथल्या हवेत?"

मी सरांकडं बघितलं. खोली धुऊन झाली होती, वास गेला असं मला वाटत होतं, पण मला वाटून काय उपयोग, मी कांद्याच्या गावची. सरांनी बाईंच्या हातातून पट्टी अलगद घेतली. सवयीनं नाकापर्यंत नेली. आणि तिथंच थांबले. त्या अर्धवट अंधारातही मला त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी हात लांब केला आणि पट्टी माझ्या नाकासमोर धरली.

"सांग," ते म्हणाले.

मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट श्वास घेतला, इथं जन्मलाच नाही अशा माणसासारखा.

"कशाचाच वास नाही, सर."

"मग टिकंल," सर बाईंना म्हणाले.